बोस्टनमधली शनिवारची रात्र

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण आधी खणलेली विहीर ऐन वेळी किती पुरते आणि कुठे अपुरी पडते, याची एक खरी हकीगत आज सांगतो.

हकीगत अमेरिकेतल्या बोस्टन शहराची. साल १९४२. महायुद्ध पेटलेले. आदल्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यापासून पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना धास्ती होती, की उद्या आपल्यावरही बॉम्ब पडतील. म्हणून इस्पितळांनी औषधे आणि रक्तद्रव साठवून ठेवले होते. नोव्हेंबरात तर सबंध शहराने रंगीत तालीम केली. जर्मन विमाने आली असे समजायचे, तीनशेहून जास्त लोक जखमी झाले असे धरायचे, आणि धावपळ करायची. पुष्कळांना तो पोरखेळच वाटला असेल!

बॉम्ब काही पडले नाहीत. पण आठवडाभरात, २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री सव्वादहाच्या सुमाराला, ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाचगाण्याच्या क्लबात आग लागली. परवानगी ४६० माणसांची, आत होती हजाराच्या आसपास. तळघरातल्या शोभेच्या नकली झाडाने पेट घेतला आणि बघता बघता ज्वाळा वर धावल्या. दर्शनी दार गोल फिरणारे. रेटा पडताच ते अडकून बसले. बाकीची काही दारे कुलूपबंद, काही आत उघडणारी. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी लोटली तर ते उघडणार कसे? ४९२ माणसे प्राणाला मुकली. क्लबाचा मालक त्या रात्री मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात हृदयविकाराने पडून होता. पुढे १९४३ साली मनुष्यवधाच्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली.

त्याच इस्पितळात ११४ माणसे आणली गेली. बोस्टन सिटी इस्पितळात सुमारे तीनशे, म्हणजे ऐन गर्दीत दर अकरा सेकंदांना एक. मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये पाळी बदलण्याची वेळ जवळ आली होती, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही पाळ्यांच्या नर्सबाई, डॉक्टर हाताशी लागले. हा मात्र योगायोग. पहिले काम जिवंत कोण, मृत कोण, हे निवडण्याचे. ते करताना काय वाटले असेल! ११४पैकी ७५ जण आधीच गेलेले होते किंवा थोड्याच वेळात गेले. उरले ३९.

भाजलेल्या माणसाच्या अंगातले पाणी जखमांतून झिरपून जाते, रक्त दाट होते, नाडी खचते. अशा वेळी रक्तातल्या पेशी काढल्यावर राहणारे पिवळसर रक्तद्रव शिरेतून द्यावे लागते. ३९पैकी २९ जणांना मिळून १४७ बाटल्या दिल्या गेल्या. साठा नसता तर त्या मध्यरात्री कुठून आणल्या असत्या?

दुसरी गोष्ट मलमपट्टीची. बाभळीच्या सालीने कातडे कमावतात ना, त्या सालीतले टॅनिक द्रव्य तेव्हा भाजलेल्या जागी लावण्याची रीत होती. आधी जखम घासून साफ करायची, मग ते लावायचे. एकेका रोग्यापायी फार वेळ जाई, रोग्याचे हाल होत ते वेगळेच. डॉक्टर कोप आणि डॉक्टर कॅनन यांनी घासणे सोडून दिले. बोरिक मिसळलेल्या व्हॅसलिनचे गॉझ हलक्या हाताने गुंडाळले, बस्स! साधा उपाय, पण तो आधीच ठरलेला असल्यामुळे दारात वाद घालण्यात वेळ गेला नाही.

पण तालमीत न आलेलेही पुष्कळ समोर आले. अंगावर फारसा डाग नसलेली माणसे, छातीत गेलेल्या धुराने आणि वाफांनी गुदमरू लागली. आणि बाहेर उभे असलेले नातेवाईक? इस्पितळातले मनोवैद्य एरिक लिंडेमान यांनी बचावलेल्यांशी आणि मृतांच्या आप्तांशी बोलून दुःखाचा अभ्यास केला आणि १९४४ साली तो छापला. त्यात एक बत्तीस वर्षांचा तरुण आहे. किरकोळ भाजलेला, बरा होऊन घरी गेलेला. बायको त्या आगीत गेली होती. आपण तिला वाचवायला हवे होते, हे त्याच्या मनातून जाईना. तो पुन्हा इस्पितळात आला, आणि तिथेच त्याने आपला जीव दिला. त्याच्या जखमा तेव्हा भरत आल्या होत्या.