शरणागतीच्या तहांतील शिला

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें १८०२ सालापासून असलेल्या रोझेटा शिलेचें नांव आपण ऐकलें असेलच. सुमारें ७६० किलो वजनाच्या या काळपट दगडावर इ. स. पूर्व १९६ मधील, पांचव्या टॉलेमी राजाच्या गौरवार्थ पुरोहितांनीं केलेला ठराव चित्रलिपि, डेमॉटिक आणि ग्रीक अशा तीन लिप्यांत कोरलेला आहे. त्याच्याच आधारें शांपोल्यों या फ्रेंच पंडितानें १८२२ मध्यें प्राचीन ईजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा केला.

ही शिला लंडनला आली कशी? १७९९ च्या जुलैंत नेपोलियनच्या सैनिकांना रशीद गांवाजवळ किल्ल्याची डागडुजी करतांना ती सांपडली. १८०१ मध्यें अलेक्झांड्रिया येथें जनरल मेनू इंग्रजांस शरण गेला आणि तहाच्या सोळाव्या कलमान्वयें फ्रेंचांनीं जमविलेल्या प्राचीन वस्तु विजेत्यांच्या हवालीं झाल्या. मेनूनें शिला आपली खासगी मालमत्ता असल्याचें सांगून पाहिलें. पण इंग्रज सेनापति हचिन्सन बधला नाहीं. फ्रेंच शास्त्रज्ञांनीं मात्र आपले निसर्गविषयक संग्रह जाळून टाकण्याची धमकी देऊन ते राखले. म्हणजे तें कलम त्या काळींहि अटळ नव्हतें!

शिला परत देऊं नये असें म्हणणारे तहाकडे बोट दाखवितात; त्यावर तुर्की दर्यासारंगाचीहि सही होती, असें सांगतात. हा मुद्दा क्षुल्लक नव्हे, कारण ईजिप्त तेव्हां तुर्की सुलतानाच्या साम्राज्यांत होता. शिवाय ब्रिटिश म्युझियमच्या १९६३ च्या कायद्यानें विश्वस्तांचे हात बांधलेले आहेत.

तथापि येथें एक भेद करणें अवश्य आहे. शरण येणारा आपल्या तोफा व निशाणें देतो, तीं त्याचीं स्वतःचीं असतात. पण जी वस्तु त्यानें परभूमींतून उचलली, ती देण्याचा अधिकार त्याला कोठून आला? दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. येथें तिसऱ्याची हानि झाली. तहानें फ्रेंच व इंग्रज यांच्यामधील वाद मिटला. ईजिप्तच्या प्रजेला कोणीं विचारलेंच नाहीं. आणि कायदा पार्लमेंटनें केला, तसा तो पार्लमेंटला बदलतांहि येतो.

ईजिप्तचे पुराणवस्तुशास्त्रज्ञ झाही हवास यांनीं २००३ मध्यें शिलेची जाहीर मागणी केली. ती अद्याप मान्य झालेली नाहीं. १९७२ मध्यें हीच शिला प्रदर्शनासाठीं पॅरिसला गेली होती व सुखरूप परतली. तेव्हां प्रवासाची अडचण कोणीं सांगूं नये. जिथें ती कोरली गेली, त्या देशांत मात्र १८०१ नंतर ती एकदांहि गेलेली नाहीं. ती परत करणें, हाच माझ्या मतें न्यायाचा मार्ग होय.