ट्रेकिओस्टॉमीमार्गे उच्च-प्रवाही प्राणवायू उपचार

ट्रेकिओस्टॉमीमार्गे उच्च-प्रवाही प्राणवायू उपचार ही गळ्याच्या पुढील भागात श्वासनलिकेला पाडलेल्या छिद्रावाटे श्वास घेणाऱ्या रुग्णास उबदार, आर्द्र व ठरावीक प्रमाणात प्राणवायू मिसळलेली हवा मोठ्या प्रवाहाने पुरवण्याची पद्धत आहे. रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावरून (व्हेंटिलेटर) टप्प्याटप्प्याने काढताना तिचा वापर होतो.

कार्यपद्धती

नैसर्गिक श्वसनात नाक व घसा हवा गाळतात, उबदार करतात आणि तिला ओलावा देतात. ट्रेकिओस्टॉमीत हा मार्ग वगळला जातो. कोरडी हवा थेट श्वासनलिकेत गेल्यास कफ घट्ट होऊन नळी तुंबू शकते. या उपचारात हवा-प्राणवायूचे मिश्रण सुमारे ३७ अंश सेल्सियसपर्यंत तापवून बाष्पाने संपृक्त करतात. त्यात दर लिटरमागे सुमारे ४४ मिलिग्रॅम बाष्प असते. प्रवाह मिनिटाला ६० लिटरपर्यंत आणि प्राणवायूचे प्रमाण २१ ते १०० टक्के ठेवता येते. नळीवरील जोडणीचे एक तोंड खुले असते. उच्छ्वास तेथून बाहेर पडत असल्याने ते झाकले जाणे धोकादायक ठरते.

मर्यादा

नाकावाटे दिलेला उच्च प्रवाह घशात साठलेली कर्बवायूयुक्त हवा बाहेर लोटतो व वायुमार्गात थोडा दाब निर्माण करतो. ट्रेकिओस्टॉमीत हे दोन्ही लाभ बरेच कमी मिळतात. ज्या रुग्णाला स्वतः पुरेसा श्वास घेता येत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत श्वसनयंत्राला पर्याय नाही.

प्राणवायूचा खप

सुमारे ७,००० लिटर प्राणवायूचा मोठा सिलिंडर मिनिटाला ६० लिटर शुद्ध प्राणवायू दिल्यास दोन तासांच्या आत संपतो. प्रवाह ५० लिटर व प्राणवायू ४० टक्के ठेवल्यास तोच सिलिंडर साडेनऊ तासांहून अधिक पुरतो. हवा तापवण्यासाठी अखंड वीजही लागते.

वनक्षेत्रातील संदर्भ

चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत मण्यारसारख्या विषारी सापांचा दंश हा गंभीर धोका आहे. मण्यारीच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडल्यास श्वसनयंत्र लागते. ते दीर्घकाळ लागल्यास क्वचित ट्रेकिओस्टॉमी करावी लागते. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असलेल्या मोहर्लीसारख्या गावातील अशा रुग्णाला प्रथम वेळेत रुग्णालयात पोहोचून प्रतिविष व श्वसनाचा आधार मिळणे आवश्यक असते. उच्च-प्रवाही उपचाराचा टप्पा त्यानंतरचा असून, सिलिंडरवर अवलंबून असलेल्या लहान आरोग्य केंद्रापेक्षा प्राणवायूची वाहिनी, अखंड वीज व नळीतील कफ ओढून काढणारे प्रशिक्षित परिचारक असलेल्या रुग्णालयातच तो सुरक्षितपणे देता येतो.