मायोपिया : एका शब्दाची उधारी

आज बडोद्याची एक घरगुती आठवण.

१९७४ साल. मी बँकेत नवीन होतो आणि अंतर्गत परीक्षेची तयारी चालली होती. इंग्रजी उताऱ्यात 'मायोपिक पॉलिसी' असे शब्द आले. मी बी.कॉम. झालेला, पण अर्थ काही लागेना. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० मध्ये सुरू झालेल्या सेंट्रल लायब्ररीत जाऊन मोठा शब्दकोश काढला. मायोपिया म्हणजे ऱ्हस्वदृष्टी, जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही. त्यावरून मायोपिक म्हणजे पुढचा विचार नसलेला. खाली शब्दाचं मूळ दिलं होतं. ग्रीक भाषेत 'म्युएइन' म्हणजे मिटणे आणि 'ओप्स' म्हणजे डोळा. अशी माणसं लांबचं पाहायला डोळे बारीक करतात, म्हणून हे नाव.

ते वाचलं आणि धाकटी बहीण डोळ्यांपुढे आली. तीही लहानपणापासून अशीच डोळे बारीक करून बघायची. फळ्यावरचं उतरवताना चुकायची. आम्ही सगळे तिला 'मठ्ठ' म्हणायचो. नववीत नापास झाली आणि शाळा सुटली. चष्म्याचा विषय एकदा निघाला होता, पण वडील म्हणाले, "चष्मा लावलेल्या मुलीला स्थळ कोण सांगून येणार?" तिथेच तो विषय संपला.

ज्या संस्थानात १९०६ सालीच मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं, तिथलं आमचं घर! मुलगी शाळेत घातली, पण तिला फळा दिसतो का, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या पगारात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नंबर निघाला उणे चार. मायोपियात किरण डोळ्याच्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात आणि अंतर्वक्र भिंगाने ते मागे सरकतात, हे केप्लरने १६०४ मध्येच लिहून ठेवलं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ते पोचायला पावणेचारशे वर्षं लागली.

चष्मा लावून घरी येताना तिने लांबूनच बसची पाटी वाचली. म्हणाली, "दादा, मी रोज लोकांना विचारायचे. त्यांना वाटायचं, हिला वाचताच येत नाही."

मला काही बोलता आलं नाही.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, चष्म्यासकट. शाळा मात्र राहिली ती राहिलीच. पुढे बँकेत कितीतरी टिपणांत मी 'मायोपिक' हा शब्द लिहिला. दर वेळी वाटायचं, पहिला मायोपिक मीच. नंबर तिला होता, पण दिसत नव्हतं ते आम्हाला.

घरातलं लहान मूल डोळे बारीक करून बघत असेल, तर रागावण्याआधी डोळे तपासून घ्या, एवढंच सांगणं.