सतरावी चूक
१/६
जानेवारी १९८६. व्हॉयेजर-२ ने युरेनसची छायाचित्रे पृथ्वीकडे पाठवली. त्या क्षीण संदेशातील चुका दुरुस्त करण्यात एका बीजगणितीय संकेताचा मोठा वाटा होता. त्याच्या मर्यादेचा हा इतिहास.

२/६
१९६० मध्ये अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन यांनी पाच पानी निबंधात तो संकेत मांडला. संदेश म्हणजे एका बहुपदीचे सहगुणक. पाठवायच्या त्या बहुपदीच्या किमती. काही बिघडल्या, तरी उरलेल्यांवरून बहुपदी सापडते.

३/६
व्हॉयेजरच्या संकेतात २५५ चिन्हांपैकी २२३ संदेशाची, ३२ जादा. कोणतेही दोन संकेतशब्द किमान ३३ ठिकाणी भिन्न. म्हणून १६ चुकांपर्यंत मूळ शब्दच सर्वांत जवळचा ठरतो. सतराव्या चुकीला ही हमी संपते.

४/६
पीटर इलायस यांनी १९५७ मध्येच सुचवले होते की, एका उत्तराऐवजी संभाव्य उत्तरांची यादी स्वीकारावी. परंतु रीड-सोलोमन संकेतांसाठी अशी यादी वेगाने काढण्याची रीत दीर्घकाळ सापडली नाही.

५/६
ती १९९७ मध्ये मधु सुदान यांनी दिली. १९९९ मध्ये वेंकटेशन गुरुस्वामींसह ती अधिक व्यापक केली. त्यांच्या सूत्राने व्हॉयेजरच्या संकेतात १६ ऐवजी १७ चुका पेलतात. लाभ अवघा एकाचा! मात्र २५५ पैकी ५५ चिन्हेच संदेशाची असतील, तर मर्यादा १०० वरून १३७ वर जाते.

६/६
जुनी मर्यादा खोटी ठरली नाही. एकमेव उत्तराची हमी आजही तिथेच संपते. बदलला तो प्रश्न. विज्ञानाच्या इतिहासात ‘अशक्य’ हा शब्द भेटला, की नेमके काय अशक्य म्हटले आहे, ते आधी पाहावे.