विश्वासाविना चलन आणि विश्वासाची माणसे : आभासी चलनाच्या समुदायाची अस्मिता व पिंपरी-चिंचवडचा अनुभव

प्रस्तावना :
बिटकॉइनसारखे आभासी चलन बाळगणारा समुदाय स्वतःला केवळ गुंतवणूकदार समजत नाही. आपण एका परिवर्तनाचे वाहक आहोत, अशी त्याची धारणा आहे. ही धारणा कशी घडली आणि पुण्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात तिचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धारणेचा उगम :
सॅन फ्रान्सिस्को परिसरात १९९२ च्या सुमारास 'सायफरपंक' म्हणवणारा संगणकतज्ज्ञांचा गट एकत्र आला. व्यक्तीचे खाजगीपण कायद्याने नव्हे, तर कूटलेखनाने राखावे, हा त्यांचा आग्रह होता. हाच धागा ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या नऊ पानी टिपणात दिसतो. मध्यस्थ बँकेवाचून दोन व्यक्तींमध्ये पैशाचा व्यवहार कसा होईल, याची मांडणी त्यात होती. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या नोंदीत बँकांना मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयीचा लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा कोरलेला आहे. बँकांविषयीचा अविश्वास या चलनाच्या जन्मनोंदीतच आहे, असे म्हणता येईल. पुढे निर्माताही अज्ञातच राहिला. आपल्याला नेता नाही, ज्याच्या हाती किल्ली त्याचेच नाणे, कोणावर विश्वास न ठेवता स्वतः पडताळून पाहावे, हे या समुदायाचे अभिमानाचे विषय ठरले.

पट्ट्यातील व्यवहारपरंपरा :
पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. पाठोपाठ टेल्को व बजाज आले. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नव्वदीच्या अखेरीपासून वाहन उद्योग चाकणपर्यंत पसरला. खानदेश, मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र येथून आलेल्या कामगाराला अडीनडीला पैसा मिळे तो कारखान्याच्या पतसंस्थेतून किंवा भिशीतून. पतसंस्थेला जामीनदार लागे. भिशीचा हिशेब एकाच्या वहीत असे आणि पावती मागणे हाच अपमान समजला जाई! येथील विश्वासाला चेहरा होता.

बँकांविषयी अविश्वास वाटावा अशी कारणे येथेही होतीच. १९१२ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. त्याच वर्षी पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचाही परवाना गेला. फेब्रुवारी २०२० पर्यंत ठेवीला विम्याचे संरक्षण अवघे एक लाख रुपयांचे होते. 'बँकच नको' हे म्हणणे येथे पटण्याजोगे होते.

निगडीचा गुन्हा :
अमित भारद्वाज याने २०१५ मध्ये 'गेनबिटकॉइन' ही योजना काढली. बिटकॉइन जमा करावे आणि १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच घ्यावा, असे तिचे स्वरूप होते. नवा सदस्य आणणाऱ्यास दलाली मिळे. २०१७ मध्ये बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' हे दुय्यम नाणे दिले जाऊ लागले, त्याचे मोल फारच कमी होते. २०१८ मध्ये पुण्यात दत्तवाडी आणि निगडी पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदले गेले. निगडी हा, कामगारांना घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्राधिकरणाच्या नियोजनातून वाढलेला भाग आहे.

येथे थोडे गणित करणे आवश्यक आहे. एका नाण्याचे १८ महिन्यांत १.८ नाणी होणार, असे हे आश्वासन होते. परंतु बिटकॉइनची एकूण संख्या २.१ कोटींपलीकडे जाऊ नये, अशी मूळ रचनाच आहे. शिवाय जुलै २०१६ मध्ये प्रत्येक नोंदीमागे मिळणारे नवे चलन २५ वरून १२.५ नाण्यांवर आले. म्हणजे उत्पादन निम्मे झाले, तरी आश्वासन तेच राहिले. स्वतः पडताळून पाहावे, हे तत्त्व कोणी पाळले असते, तर ही विसंगती कागद-पेन्सिलीनेही दिसली असती. प्रत्यक्षात 'क्रांती'ची भाषा तेवढी नवी होती. ओळखीच्याने आणलेल्या ओळखीच्यावर विसंबण्याची रीत जुनी भिशीचीच होती. भिशीत मात्र वही धरणारा शेजारीच राही, येथे तो दिसतही नव्हता. अशा गुंतवणूकदारांना केवळ लोभी म्हणून निकालात काढणे प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

हाच दोष तपासातही शिरला. पोलिसांना साहाय्य करणाऱ्या दोन तज्ज्ञांना, त्यांपैकी एक माजी आयपीएस अधिकारी, तपासातील चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून मार्च २०२२ मध्ये अटक झाली. मुख्य आरोपी भारद्वाज त्याआधी जानेवारीतच मरण पावला होता.

राज्यसंस्थेविषयीची समुदायाची भूमिकाही या काळात पालटली. रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले, तेव्हा शासनमुक्त चलनाचे पुरस्कर्ते न्यायालयाचे आभार मानत होते. २०२२ च्या ३० टक्के करातही काहींना मान्यताच दिसली. निगडीच्या तक्रारदारांनी तर २०१८ मध्येच ठाण्याची पायरी चढली होती. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गुन्हे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभर झडत्या झाल्या. सार्वजनिक नोंदवहीत त्या नाण्यांचा प्रवास आजही कोणालाही पाहता येतो. ती कोणाच्या हाती आहेत, याचा शोध मात्र सरकारी तपासयंत्रणेलाच घ्यावा लागत आहे.