स्पायवेअर काढल्यावर इंटरनेट बंद पडल्यास

संगणकातून स्पायवेअर काढले, अँटिव्हायरसने सर्व ठीक असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर एकही संकेतस्थळ उघडेना, ही तक्रार जुनीच आहे. आपल्या अशोका गार्डनमधील बऱ्याच घरी मुले पुण्या-बंगळूरला किंवा परदेशी असतात. त्यांच्याशी बोलणे, पेन्शन, वीजबिल सारे नेटवरच चालते. दुरुस्तीवाला लगेच ‘फॉरमॅट’ सुचवतो. बहुतेक वेळा त्याची गरज नसते, आणि त्यात जुने फोटो जातात ते वेगळेच.

स्पायवेअर संगणक आणि इंटरनेट यांच्यामध्ये मध्यस्थ होऊन बसते. अँटिव्हायरस त्याची फाइल काढतो, पण विंडोजमधली नोंद कधी कधी तशीच राहते. मग संगणक नसलेल्या मध्यस्थाकडेच माहिती पाठवत राहतो. ‘डीएनएस चेंजर’च्या वेळी हे जगभर दिसले. ते चालवणारी टोळी नोव्हेंबर २०११ मध्ये पकडली गेली. लोकांचे नेट एकदम जाऊ नये म्हणून तिच्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते सर्व्हर चालवले गेले. ते ९ जुलै २०१२ रोजी बंद झाले, तेव्हा ज्यांनी सेटिंग सुधारले नव्हते त्यांचे नेट गेले.

आधी त्याच वायफायवर मोबाइल चालतो का ते पाहा. तोही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा कंपनीचा.

मोबाइल चालत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात ‘प्रॉक्सी’ उघडा. तिथे प्रॉक्सी सर्व्हर चालू असून पत्ता १२७.०.०.१ दिसला, तर दोष बहुधा तिथेच आहे. हा पत्ता खुद्द आपल्याच संगणकाचा. मध्यस्थ इथेच बसला होता. तो पर्याय बंद करा. (ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र प्रॉक्सी मुद्दाम लावलेली असू शकते, आधी विचारून घ्या.) मग वायफायच्या गुणधर्मांत डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ आहे ना ते पाहा.

तरीही नेट आले नाही तर विनसॉकची साखळी तुटलेली असू शकते. स्टार्ट मेनूत ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, त्यावर उजवी क्लिक करून ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा आणि ‘नेटश विनसॉक रीसेट’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करा. पहिल्या शब्दाचे स्पेलिंग एन-ई-टी-एस-एच, दुसऱ्याचे डब्ल्यू-आय-एन-एस-ओ-सी-के. मग संगणक रीस्टार्ट करा. एक्सपीच्या काळात, २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून, ही सोय विंडोजमध्येच आहे. त्यासाठी कुठलेही सॉफ्टवेअर विकत घेऊ नये.

शेवटचा उपाय ‘नेटवर्क रीसेट’. त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात, म्हणून पासवर्ड आधी कागदावर उतरवून ठेवा.

नेट दुरुस्त होईपर्यंत थांबू नका. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आजच बदला. स्पायवेअरने ते टिपलेले असू शकतात. आणि ‘कंपनीतून बोलतोय, नेट सुरू करून देतो’ असा फोन आला, तर त्याच्या सांगण्यावरून एनीडेस्कसारखे अॅप टाकू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. तपासणीची मोफत साधने भारत सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मिळतात, ती शेजाऱ्यांच्या संगणकावरून पेनड्राइव्हवर घेता येतात.