कोंबड्यांचा दाणा रात्री कुठे ठेवावा?

आमच्या लाटंबार्सेत परसात चार-सहा गावठी कोंबड्या नसलेले घर शोधावे लागेल. कुणी अंड्यांसाठी पाळतो, कुणी पाहुणा आला तर सोय म्हणून, कुणाचा एखादा कोंबडा राखणदाराच्या नावाने सोडलेला असतो. त्यांना काय घालावे हे कुणाला शिकवावे लागत नाही. भात, पोल, कणी, कुंडा, नारळाचा चव, सकाळची उरलेली शिते, सगळे चालते. पण हा दाणा रात्री कुठे आणि कसा ठेवायचा, याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. आम्हीही दिले नव्हते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी आम्ही दहा कोंबड्या घेतल्या आणि हिशेबी माणसाला शोभेल असे करून खाद्याचे पन्नास किलोंचे पोते एकदम आणले, कारण किलोमागे स्वस्त पडत होते. पोते पडवीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवले. जुलै महिना होता. पंधरा दिवसांत पोत्याच्या तळाला भोक पडले. त्याच्या पुढच्या आठवड्यात सकाळी सौभाग्यवती मापाने दाणा काढायला वाकल्या, तेव्हा पोत्याच्या आणि भिंतीच्या मधल्या सांदीत घोणस वेटोळे घालून पडली होती. तिने फुत्कार टाकला म्हणून कळले. सर्पमित्राने येऊन तिला पकडून नेले आणि कुणाला काही झाले नाही. शेजारच्या काकी बघायला आल्या होत्या. साप गेल्यावर त्यांनी पोत्याकडे बोट दाखवून एवढेच विचारले, "कोंब्यो रातीं खायनात. मागीर हो दाणो कोणाखातीर दवरला?"

या विषयातले निम्मे शहाणपण त्या प्रश्नात आहे. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. तिन्हीसांजेला ती गुडात शिरते ती उजाडल्यावरच बाहेर पडते, आणि मधल्या वेळात दाण्याला तोंड लावत नाही. संध्याकाळी खाल्लेले तिच्या गळ्याशी असलेल्या थैलीत साठते आणि रात्रभर सावकाश पचते. म्हणून काळोख पडल्यावर गुडात, अंगणात किंवा भांड्यात जे काही उरते ते कोंबडीचे नसते. ते उंदराचे, घुशीचे, झुरळांचे आणि मुंग्यांचे असते. उंदरांच्या मागावर धामण, नाग आणि घोणस येतात. दाण्यासाठी साप कधीच येत नाही, पण दाणा उघडा ठेवणारा माणूस त्याला घरी बोलावतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

तेव्हा साठवणीच्या आधी संध्याकाळची शिस्त. शेवटचा दाणा सूर्यास्ताच्या तासभर आधी घालावा. आपल्याकडे डिसेंबरात सहा वाजून थोड्या मिनिटांनी सूर्य मावळतो, जूनअखेरीस सातनंतर. त्यामुळे घड्याळाची एकच वेळ वर्षभर चालत नाही. वीस मिनिटांत कोंबड्या खातील तेवढेच घालावे. नंतर भांडे उचलावे, खाली सांडलेले झाडून घ्यावे. बँकेत दिवसाची रोकड जुळल्याशिवाय तिजोरीला किल्ली लागत नसे, तसेच हे. भांडे धुऊन उपडे घालावे आणि पाण्याचे भांडेही रिकामे करावे, कारण उंदराला पाणीही हवे असते. गुडाची जमीन सारवलेली किंवा सिमेंटची असेल तर झाडणे दोन मिनिटांचे काम आहे. मातीची असेल तर दाणा जमिनीवर फेकूच नये, पसरट भांड्यात किंवा सुपात घालावा.

किती दाणा लागतो याचा अंदाज असला म्हणजे उरत नाही. कोंडून ठेवलेली मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. आपल्या कोंबड्या दिवसभर परसात, काजूखाली, शेणकईत उकरत फिरतात, किडे आणि कोवळा पाला खातात, त्यामुळे त्यांना वरून ५० ते ६० ग्रॅम पुरतो. दहा कोंबड्यांना म्हणजे अर्धा-पाऊण किलो. या हिशेबाने आमचे ते पन्नास किलोंचे पोते दोन महिन्यांहून जास्त पुरणारे होते, तेही ऐन पावसाळ्यात. स्वस्त पडले असे वाटले ते खरे नव्हते. मोठा उंदीर रोज वीस-पंचवीस ग्रॅम धान्य खातो, म्हणजे दोन-तीन उंदीर मिळून एका फिरत्या कोंबडीचा वाटा खातात, आणि त्यांच्या लेंड्यामुताने जे नासते ते वेगळे. आता आम्ही पावसाळ्यात दहा किलोंच्या वर खाद्य आणत नाही. दुकानदार सुटे देतो.

श्रावणाचेही एक लक्षात ठेवावे. श्रावण लागला की चतुर्थी होईपर्यंत आपल्याकडे बहुतेक घरांत कोंबडी कापत नाहीत. कळप सर्वांत मोठा असतो तो याच दिवसांत, आणि हवा सर्वांत दमट असते तीही याच दिवसांत. दाणा जास्त लागतो आणि टिकतो कमी. तेव्हा याच दिवसांत दर आठवड्याला थोडे थोडे आणावे.

जुन्या लोकांची भाताची सोय बघण्यासारखी होती. बांबूच्या बेळांची कणगी विणून तिला आतून-बाहेरून शेणमातीने लिंपत आणि ती दगडांवर चढवून भिंतीपासून सुटी ठेवत. सरदाचे भात नीट वाळवून त्यात भरले की पुढच्या पेरणीपर्यंत टिके. बियाण्याच्या मुड्या गवताने घट्ट बांधून चुलीवरच्या माळ्यावर जात, तिथे धूर लागून कीड दूर राहत असे. थोड्या प्रमाणातल्या दाण्याला शिंके होते. आम्ही आजही कणीचा डबा शिंक्यावर टांगतो, आणि दोरीत वरच्या बाजूला एक उपडी करवंटी ओवली आहे. उंदीर दोरीवरून उतरतो, करवंटीच्या कडेशी आला की त्याला पुढे पाय ठेवायला जागा मिळत नाही. मांजराच्या भाग्याने शिंके तुटू नये म्हणून दोरी दरवर्षी बदलतो.

हल्लीच्या घरात कणगी नाही, चूलही नाही. मग सर्वांत चांगले म्हणजे घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा. तेलाचे पंधरा किलोंचे रिकामे डबे बाजारात मिळतात. कापून बिजागरीचे झाकण बसवून घेतले की दहा किलो खाद्य सहज राहते. प्लास्टिकचे निळे पिंप चालते, पण ते जाड हवे आणि लोखंडी कडीचे झाकण असलेले हवे. पातळ बादलीची कड उंदीर एका रात्रीत कुरतडतो. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कुरतडणे ही त्याची गरजच आहे. गोणपाट, प्लास्टिकची पोती, पुठ्ठ्याची खोकी यांना साठवणीची जागा समजूच नये. ती फक्त आणण्यापुरती.

डबा जमिनीवर न ठेवता वीतभर उंच फळीवर किंवा दोन चिऱ्यांवर ठेवावा आणि भिंतीपासून हातभर सुटा असावा. उंदराला भिंतीच्या कडेने, अंग घासत चालायची सवय असते. सुट्या डब्याभोवती त्याला आडोसा मिळत नाही, आणि आपल्यालाही मागे काय आहे ते दिसते. रात्री डब्याजवळ जायचे असेल तर विजेरी घ्यावी आणि हात घालण्याआधी उजेड पाडावा. इतके करूनही साप चावलाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यातले काहीही न करता, चावलेला भाग न हलवता १०८ ला फोन करून माणसाला थेट इस्पितळात न्यावे. औषध तिथेच आहे.

गुडाच्या जाळीबद्दलही सांगायला हवे. बाजारात कोंबड्यांची म्हणून जी षटकोनी जाळी मिळते ती कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. बोटभर फटीतून उंदीर जातो आणि पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून त्याचे पिल्लू. खालच्या दोन फुटांना पाव इंची चौकोनी जाळी लावावी आणि ती वीतभर जमिनीत गाडावी, म्हणजे घुशीला पोखरून येता येत नाही. घर माडांच्या सावलीत असेल तर वरूनही वाट असते. माडावरचे उंदीर कोवळे नारळ पोखरतात आणि झावळीवरून छपरावर उतरतात. माडाच्या खोडाला पुरुषभर उंचीच्या वर हातभर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला की त्यांची चढ-उतार थांबते. नारळ वाचतात हा वर फायदा.

विषाबद्दल आमचे मत पक्के आहे. जिथे कोंबड्या मोकळ्या फिरतात तिथे उंदराचे विष नकोच. विषाचा दाणा आणि खाण्याचा दाणा यांतला फरक कोंबडीला कळत नाही, आणि विष खाऊन मेलेला उंदीर मांजर, कुत्रा किंवा गव्हाणी घुबड उचलते. घुबडाला आपल्याकडे उगाच अशुभ मानतात. एक जोडी पिल्ले वाढवत असली की रात्रीला कित्येक उंदीर नेते. पिंजरा लावावा, आत सुका बांगडा किंवा भाजलेले खोबरे अडकवावे. मात्र आधी दाणा बंद झाला पाहिजे. पोट भरलेला उंदीर पिंजऱ्याकडे फिरकत नाही, आणि "आमच्याकडे पिंजरा चालत नाही" असे म्हणणाऱ्यांच्या अंगणात बहुधा दाणा सांडलेला असतो.

आता बुरशी. उंदीर दिसतो, बुरशी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मेले. कारण निघाले खाद्यातली शेंगदाण्याची पेंड. तिच्यावर वाढलेल्या बुरशीने तयार केलेल्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. शेंगदाणा, मका, खोबऱ्याची पेंड यांवर ती बुरशी विशेष वाढते, तिला उबदार दमट हवा लागते, आणि गोव्याच्या पावसाळ्यात त्या दोन्हींची ददात नाही. हे विष शिजवून किंवा उन्हात वाळवून जात नाही. कोंबडी मरतेच असे नाही. ती सुकत जाते, अंडी कमी होतात आणि आपण दोष जातीला देतो. "बुरसले आहे, कोंबड्यांना घाला" ही सवय म्हणून सोडायला हवी. कुबट वास आला, हाताला गाठी लागल्या, की ते खड्ड्यात पुरावे.

खाद्य कोरडे राहावे म्हणून काही साध्या गोष्टी. उन्हात वाळवलेले भात गरम असतानाच डब्यात भरू नये, झाकणाला आतून घाम फुटतो. आधी सावलीत थंड होऊ द्यावे. डबा पत्र्याच्या छपराखाली ऊन लागेल असा ठेवू नये. जुने खाद्य संपवून, डबा पुसून, वाळवून मग नवे भरावे, वरून ओतू नये. भात दाताखाली कट्कन तुटले तर वाळलेले, चेपले तर अजून ऊन हवे. कुंड्याचे गणित निराळे आहे. गिरणीतून आलेल्या सुरय तांदळाच्या कुंड्यातले तेल काही दिवसांतच खवट होऊ लागते. उकड्या तांदळाचा कुंडा जास्त टिकतो, कारण भात उकडताना तेल नासवणारा घटक निकामी होतो. म्हणून सुरयचा कुंडा आठवड्यापुरताच घ्यावा.

सोंड्यांची चिंता आम्ही करत नाही. कोंबड्या ते आनंदाने टिपतात. फार झाले तर दाणा उन्हात पसरावा, डब्यात निर्गुडीचा वाळलेला पाला घालावा. मुंग्यांसाठी फळीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ते उत्तम, फक्त त्या पाण्यात डास होतात. पाणी आठवड्याच्या आत बदलावे किंवा वर खोबरेल तेलाचा थेंब सोडावा.

दुसऱ्याच्या कोंबड्यांचे रिकामे पोते मात्र फुकट मिळाले तरी आणू नये. मानमोडी, जिला सरकारी कागदांत राणीखेत म्हणतात, ती पोत्यांवरून, भांड्यांवरून आणि चपलांवरूनही एका वाड्यावरून दुसऱ्या वाड्यावर जाते. कावळे-कबुतरे दाण्यावर बसतात तेही याच कारणाने टाळावे. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हापासून रानपक्षी आणि खाद्य वेगळे ठेवा असे पशुवैद्य सांगत आले आहेत.

दोन-चार दिवस बाहेरगावी जायचे असले की गुडात मोठा ढीग ओतून जायचा मोह होतो. त्या ढिगाचा बराचसा भाग पहिल्याच रात्री जातो, आणि परत येताना आपण उंदरांना वाट दाखवून ठेवलेली असते. आम्ही कागदाच्या पुड्या करतो, प्रत्येकीवर तारीख आणि सकाळ किंवा संध्याकाळ असे लिहितो, आणि पत्र्याचा डबा शेजारच्या काकींकडे देऊन जातो. परत आल्यावर एखादी पुडी उरलेली निघाली तर त्या दिवशी पाऊस फार होता आणि कोंबड्या बाहेर पडल्या नाहीत, एवढे त्या सांगतात.